चौसष्ट घरांची बेरीज : एका वीस अंकी संख्येचे गणिती गुणधर्म

प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरात मागच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवत गेल्यास चौसष्ट घरांतील दाण्यांची एकूण संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते. भूमिती श्रेढीचा पाठ सुरू करताना ही गोष्ट सांगितली जाते, विद्यार्थी थक्क होतात, सूत्र फळ्यावर लिहिले जाते आणि पाठ पुढे सरकतो. संख्या मात्र मागेच राहते. ती हाताने कशी काढता येईल, तिचे अवयव कोणते, त्या अवयवांचा पटाशी काय संबंध, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

या संख्येकडे पुन्हा वळण्याचे कारण तिचा आकार नव्हे. तिच्यात दोन नमुने शेजारी शेजारी आढळतात. पहिला कितीही घरांपर्यंत नेला तरी टिकतो. दुसरा सलग पाच वेळा खरा ठरतो आणि सहाव्या वेळी तुटतो. सुरुवातीची उदाहरणे पाहता दोन्ही सारखेच विश्वसनीय वाटतात. कोणता नमुना टिकणार हे उदाहरणे वाढवून कळत नाही, ते सिद्धतेनेच कळते. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी चार उदाहरणे जुळली की नियम सिद्ध झाला असे मानून चालतो. ही सवय मोडण्यासाठी या संख्येइतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने तिच्या गुणधर्मांचा परामर्श घेतला आहे. लेखात २^६४ ही खूण ‘२ चा ६४ वा घात’ या अर्थाने वापरली आहे.

संख्येचे वाचन

वीस अंकी संख्या वाचतानाच पहिली अडचण उभी राहते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे १०^१७. त्या नावांनी वाचल्यास ही संख्या १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, शून्य निखर्व, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, शून्य कोटी, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शते, १ दशक आणि ५ एकक अशी होते. अठरा स्थाने संपल्यावरही संख्या उरते, म्हणून परार्धाच्या जागी १८४ असा तीन अंकी आकडा घ्यावा लागतो.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे हिंदी किंवा उर्दूतून शिकलेला विद्यार्थी हीच संख्या वेगळ्या नावांनी वाचतो : १८४ शंख, ४६ पद्म, ७४ नील, ४० खरब, ७३ अरब, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार, ६१५. येथे एक घोटाळा संभवतो. लीलावतीतील खर्व म्हणजे १०^१०, तर हिंदी-उर्दूतील खरब म्हणजे १०^११. शब्द एकाच घराण्यातले, किंमत मात्र दहापट वेगळी. मिश्र माध्यमाच्या वर्गात शिक्षकाने हा फरक प्रथमच स्पष्ट करावा. उर्दू लेखन उजवीकडून डावीकडे जात असले तरी त्यातील संख्येचे अंक डावीकडून उजवीकडेच, मोठे स्थान आधी, असे मांडले जातात, हेही सांगावे.

संख्या डोळ्यांपुढे यावी म्हणून एक ढोबळ हिशेब पुरेसा आहे. गव्हाचा एक दाणा सुमारे ०.०४ ग्रॅमचा धरल्यास एकूण वजन सुमारे ७३,८०० कोटी टन भरते. अलीकडच्या काळात जगाचे गव्हाचे वार्षिक उत्पादन ८० कोटी टनांच्या आसपास आहे. म्हणजे आजच्या दराने पट भरण्यास नऊशेहून अधिक वर्षांचे जगाचे पीक लागेल.

गोष्टीची आणि गणिताची परंपरा

बुद्धिबळाचा उगम भारतात मानला जातो. दाण्यांच्या गोष्टीचे लेखी उल्लेख मात्र प्रामुख्याने अरबी ग्रंथांत मिळतात. नवव्या शतकातील इतिहासकार याकूबी याने ती नोंदवली आहे. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान यानेही बुद्धिबळपटू अस्-सूली याच्या चरित्रात ती सांगितली असून तेथे खेळाचा जनक म्हणून सिस्सा इब्न दाहिर याचे नाव येते. एवढी मोठी संख्या होईल यावर इब्न खल्लिकानचाही आरंभी विश्वास बसला नव्हता. अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनीसाने आकडेमोड करून दाखवल्यावर त्याची खात्री पटली.

गणिताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद अबू रैहान अल्-बिरुनीची आहे. इ.स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या ‘अल्-आसार अल्-बाकिया’ या ग्रंथात त्याने ही संख्या दिली आणि ती काढण्याचे दोन नियमही दिले. पुढे भारतविषयक ग्रंथात त्याने संस्कृतातील अठरा स्थानांच्या नावांची यादी दिली आहे. पटावरील संख्या काढणारा आणि भारतीय स्थाननामांची नोंद घेणारा विद्वान एकच होता, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

बिरुनीचा पहिला नियम असा की, कोणत्याही घरातील संख्येतून एक वजा केल्यास त्याच्या आधीच्या सर्व घरांची बेरीज मिळते. दुसरा नियम असा की, एखाद्या घरातील संख्येचा वर्ग केल्यास पहिल्या घरापासून दुप्पट अंतरावर असलेल्या घरातील संख्या मिळते. या दोन नियमांनी चौसष्ट बेरजांचे काम सहा गुणाकारांवर येते.

पहिला नियम : टिकणारा नमुना

१, १+२, १+२+४, १+२+४+८ यांच्या बेरजा अनुक्रमे १, ३, ७, १५ येतात. प्रत्येक वेळी पुढच्या घरातील संख्येपेक्षा एक कमी. हा नमुना चौसष्टाव्या घरापर्यंत टिकेल याची हमी काय ?

हमी देणारा युक्तिवाद सोपा आहे. पटाच्या बाहेर एक जादा दाणा आहे असे समजावे. तो पहिल्या घरातील एका दाण्यात मिळवला की दोन झाले, म्हणजे दुसऱ्या घरात आहेत तितके. हे दोन दुसऱ्या घरातील दोनांत मिळवले की चार झाले, म्हणजे तिसऱ्या घराइतके. हे चार तिसऱ्या घरातील चारांत मिळवले की आठ. प्रत्येक पायरीवर हातात आलेली रास पुढच्या घरातील राशीइतकीच असते, म्हणून मिळवल्यावर ती दुप्पट होते, आणि दुप्पट म्हणजे त्याच्या पुढचे घर. चौसष्टावे घर संपल्यावर हातात २^६४ दाणे असतात. जादा दाणा परत काढून घेतला की पटावरील बेरीज २^६४ − १ उरते.

या युक्तिवादात एकही पायरी घराच्या क्रमांकावर अवलंबून नाही. म्हणूनच तो चौसष्ट घरांना जितका लागू आहे तितकाच हजार घरांनाही आहे. पाठ्यपुस्तकातील गणिती विगमन हेच आहे. विगमनाची मांडणी विद्यार्थ्यांना कोरडी वाटते, कारण ‘क साठी खरे मानल्यास’ या वाक्याचा अर्थ त्यांच्या मनात ठसत नाही. जादा दाणा एका घरातून दुसऱ्या घरात जाताना दिसला की तो अर्थ समजतो.

दुसरा नियम : सहा वर्ग

२^६४ काढण्यासाठी २ पासून आरंभ करून सहा वेळा वर्ग करावा लागतो : २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि शेवटी २^६४. याला कारण ६४ ची सहा वेळा निमपट केली की १ उरतो. घात काढण्याची ही निमपट-वर्गाची रीत भारतातही जुनी आहे. छंदःशास्त्राचा कर्ता पिंगल याने लघु-गुरू अक्षरांच्या रचनांची संख्या मोजताना ती दिली आहे : संख्या सम असेल तर निमपट करून त्या जागी वर्ग करायचा, विषम असेल तर एक वजा करून त्या जागी दुप्पट करायची.

शेवटचा वर्ग वहीवर करता येतो. ४२९४९६७२९६ या संख्येचे ४२९४९ आणि ६७२९६ असे दोन भाग करावेत. पहिल्या भागाचा वर्ग १८४४६१६६०१, दोन्ही भागांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८ आणि दुसऱ्या भागाचा वर्ग ४५२८७५१६१६ येतो. पहिल्यापुढे दहा शून्ये व दुसऱ्यापुढे पाच शून्ये देऊन तिन्हींची बेरीज केली की १८४४६७४४०७३७०९५५१६१६ मिळते. त्यातून एक वजा केला की पटाची संख्या तयार होते. बेरजेच्या वर्गाचे सूत्र एवढेच भांडवल येथे लागते.

हा गुणाकार यंत्रावर सोडून देण्यात एक धोका आहे. एक्सेलसारखे प्रोग्रॅम पंधरा सार्थ अंकच ठेवतात, त्यामुळे तेथे ही संख्या १८४४६७४४०७३७०९६००००० अशी दिसते. आकार जवळजवळ तोच, पण गुणधर्म सर्व बदललेले. यंत्रावरील संख्येला २ ने भाग जातो, मूळ संख्या विषम आहे. मूळ संख्येला ३ ने भाग जातो, यंत्रावरील संख्येला जात नाही. संख्येचे मोजमाप पुढच्या अंकांवरून होते, तिच्या भाज्यतेचा निर्णय मात्र शेवटच्या एककापर्यंत अचूक असल्याखेरीज होत नाही.

पटाच्या घड्या आणि अवयव

आता मुख्य गुणधर्माकडे वळता येईल. एखाद्या वीस अंकी संख्येचे अवयव पाडणे सामान्यतः कष्टाचे काम असते. येथे मात्र अवयव पटावरच दिसतात.

पहिल्या घरात १ दाणा आहे. दुसऱ्या घरात त्याच्या दुप्पट, म्हणून पहिल्या दोन घरांत मिळून पहिल्या घराच्या ३ पट. पुढची दोन घरे पहिल्या दोन घरांच्या प्रत्येकी ४ पट आहेत, म्हणून चार घरांची बेरीज दोन घरांच्या बेरजेच्या ५ पट. त्यापुढची चार घरे पहिल्या चार घरांच्या १६ पट, म्हणून आठ घरांची बेरीज १७ पट. याच रीतीने दोन ओळींची बेरीज पहिल्या ओळीच्या २५७ पट, चार ओळींची म्हणजे अर्ध्या पटाची बेरीज दोन ओळींच्या ६५,५३७ पट, आणि पूर्ण पटाची बेरीज अर्ध्या पटाच्या ४,२९,४९,६७,२९७ पट. म्हणून

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

बीजगणिताच्या भाषेत हे अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) या सूत्राचे सहा वेळा केलेले उपयोजन आहे. नववीत शिकलेले सूत्र वीस अंकी संख्या फोडते, हा अनुभव विद्यार्थ्यांना अवश्य द्यावा. टप्प्याटप्प्याने येणाऱ्या बेरजा ३, १५, २५५, ६५५३५, ४२९४९६७२९५ अशा असून प्रत्येक बेरीज ही आधीच्या बेरजेला पुढील अवयवाने गुणून मिळते.

दुसरा नमुना : फर्माचे अनुमान आणि ६४१

वरील सहा अवयवांतील पहिले पाच पाहावेत : ३, ५, १७, २५७, ६५५३७. हे सर्व मूळ संख्या आहेत. प्रत्येक संख्या म्हणजे २ पासून वर्ग करत आलेल्या संख्येत एक मिळवून झालेली. फ्रेंच गणिती प्येर द फर्मा याने १६४० च्या पत्रव्यवहारात असे मत मांडले की, या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असेल. सिद्धता मिळाली नसल्याचेही त्याने लिहिले होते. या संख्यांना पुढे फर्मा संख्या हे नाव मिळाले.

सहावी संख्या ४२९४९६७२९७. ती मूळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी ६५,५३६ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायचा झाल्यास कित्येक दिवस लागतील. लिओनार्ड ऑयलर याने १७३२ मध्ये ती ६४१ × ६७००४१७ अशी फोडून दाखवली आणि अनुमान कोसळले. पुढे त्याने सिद्ध केले की, या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या ६४क + १ या रूपाचीच असली पाहिजे. अशा रूपाच्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ या आहेत. म्हणजे योग्य विचार केल्यास पाचव्याच भागाकारात उत्तर हाती येते.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येते. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते : ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्या रूपावरून ६४१ हा (५ × २^७)^४ − १, म्हणजे ५^४ × २^२८ − १ याचा अवयव ठरतो, कारण अ^४ − १ ला अ + १ ने नेहमी भाग जातो. दुसऱ्या रूपाला २^२८ ने गुणल्यास ६४१ हा ५^४ × २^२८ + २^३२ याचाही अवयव ठरतो. दुसऱ्यातून पहिले वजा केले की २^३२ + १ उरते. दोन संख्यांना भाग जात असेल तर त्यांच्या वजाबाकीलाही जातो, म्हणून ६४१ ने २^३२ + १ ला भाग जातो. ही सिद्धता फळ्यावर पाच ओळींत मावते.

उरलेला अवयव ६७००४१७ मूळ आहे की नाही, हेही ऑयलरच्या नियमाने लवकर ठरते. त्याचा कोणताही मूळ अवयव ६४क + १ या रूपाचा असणार, आणि त्याचे वर्गमूळ २५८९ हून कमी आहे. ६४१ च्या आधीच्या चार संख्यांनी भाग जात नाही हे वर दिसलेच. म्हणून ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३ या सातच संख्या तपासायच्या. एकानेही भाग जात नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. अशा रीतीने पटाच्या संख्येचे पूर्ण अवयवीकरण

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

असे होते. सातही अवयव भिन्न असल्याने तिचे एकूण विभाजक २^७ म्हणजे १२८ आहेत.

फर्माचे अनुमान नुसते एकदाच चुकले असे नाही. सातव्या फर्मा संख्येपासून, म्हणजे २^६४ + १ पासून, आजवर एकही नवी मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही. २^६४ + १ ही पटाच्या संख्येपेक्षा फक्त दोनने मोठी. लँड्री याने १८८० साली तिचे २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ असे अवयव प्रसिद्ध केले. १८४४६७४४०७३७०९५५१६१५, …६१६ आणि …६१७ या तीन लगतच्या संख्या आहेत. पहिलीचे सात भिन्न मूळ अवयव, दुसरीचा २ हा एकच, तिसरीचे दोन. संख्या शेजारी असल्या तरी त्यांच्या अवयवांत काहीही साम्य नाही.

मोडलेल्या नमुन्यातून उरलेले

अनुमान चुकले म्हणून फर्मा संख्या निरुपयोगी ठरल्या नाहीत. पटाच्या घड्यांवरून दिसते की, पहिल्या सहा फर्मा संख्यांचा गुणाकार २^६४ − १ आहे आणि सातवी फर्मा संख्या २^६४ + १ आहे. म्हणजे आधीच्या सर्वांच्या गुणाकारात दोन मिळवले की पुढची फर्मा संख्या मिळते. एखाद्या मूळ संख्येने सातवीला आणि आधीच्या एखादीला भाग जात असेल, तर त्याच संख्येने त्यांच्या फरकाला, म्हणजे २ ला, भाग गेला पाहिजे. पण फर्मा संख्या विषम असल्याने ते अशक्य आहे. म्हणून कोणत्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक मूळ अवयव नाही. प्रत्येक फर्मा संख्या निदान एक नवी मूळ संख्या पुरवते, आणि फर्मा संख्या अनंत आहेत, म्हणून मूळ संख्याही अनंत आहेत. गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रात फर्मा संख्यांचा हा गुणधर्म आला आहे. ‘सर्व मूळ आहेत’ हे विधान पडले, पण ‘कोणत्याही दोघींना सामाईक अवयव नाही’ हे विधान टिकले. पहिल्यामागे उदाहरणे होती, दुसऱ्यामागे सिद्धता होती.

भूमितीतही या संख्या अनपेक्षितपणे येतात. कंपास आणि पट्टी एवढ्या साधनांनी समभुज त्रिकोण व सुसम पंचकोन काढता येतो हे यूक्लिडपासून ठाऊक होते. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने सुसम सतरा बाजूंची आकृतीही काढता येते हे दाखवले. बाजूंची संख्या विषम असेल तर ती भिन्न मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. ही अट पुरेशी असल्याचे गाउसने १८०१ च्या ग्रंथात दाखवले व ती आवश्यक असल्याची सिद्धता वांत्झेलने १८३७ मध्ये दिली. आज ठाऊक असलेल्या मूळ फर्मा संख्या पाचच आहेत. म्हणून अशा विषम बाजूंच्या ज्ञात आकृत्या एकतीस होतात, आणि त्यांच्या बाजूंच्या संख्या म्हणजे अर्ध्या पटाच्या बेरजेचे, ४२९४९६७२९५ चे, एक सोडून सर्व विभाजक.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही संख्या आणखी एका रूपात भेटते. द्विमान पद्धतीत ती सलग चौसष्ट एक अशी लिहिली जाते. प्रत्येक घर म्हणजे एक स्थान. म्हणूनच चौसष्ट बिटांच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी चिन्हरहित पूर्ण संख्या हीच आहे.

अध्यापनातील उपयोग

वरील विवेचनातून पुढील कामे वर्गात करून घेता येतील.

(१) संख्येचा शेवटचा अंक ५ का, हे गुणाकार न करता सांगणे. २ च्या घातांचे एकक २, ४, ८, ६ या चक्राने येतात. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून २^६४ चा एकक ६.

(२) अंकांची बेरीज ८७ येते हे पाहून संख्येला ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही, हे ठरवणे व अवयवांशी ताडून पाहणे.

(३) ६५५३७ मूळ असल्याचे दाखवणे. ऑयलरच्याच रीतीने तिचा मूळ अवयव ३२क + १ या रूपाचा असावा लागतो. तिचे वर्गमूळ २५६ हून किंचित मोठे आहे. म्हणून ९७ आणि १९३ हे दोनच भागाकार करावे लागतात. बाक्या अनुक्रमे ६२ आणि ११० उरतात.

(४) पटाच्या पहिल्या २, ३, ५, ७ घरांच्या बेरजा ३, ७, ३१, १२७ येतात व त्या सर्व मूळ आहेत. ‘घरांची संख्या मूळ असेल तर बेरीजही मूळ’ हा नियम खरा आहे का, असे विचारावे. अकरा घरांची बेरीज २०४७ = २३ × ८९ आहे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

(५) न² + न + ४१ या पदावलीत न च्या जागी ० ते ३९ घातल्यास प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते. न = ४० ला ती ४१ चा वर्ग होते. चाळीस उदाहरणेही पुरेशी नसतात, हे येथे दिसते.

या कामांत शिक्षकाने उत्तर लगेच न सांगण्याचे पथ्य पाळावे. विद्यार्थ्याने ‘हे नेहमी खरे आहे’ असे म्हटले की ‘कशावरून ?’ एवढाच प्रश्न विचारावा. उत्तरात आणखी एक उदाहरण आले तर प्रश्न कायम ठेवावा. कारण आले तर ते फळ्यावर लिहून घ्यावे.

समारोप

पटावरील संख्येच्या गोष्टीत राजा फसतो, कारण पहिल्या काही घरांतील मूठभर दाणे पाहून तो पुढच्या घरांचा अंदाज बांधतो. फर्मासारखा थोर गणिती पहिल्या पाच संख्या पाहून सहावीविषयी अंदाज बांधतो, तेव्हा त्याचीही तीच गत होते. फरक इतकाच की, आपल्याजवळ सिद्धता नाही हे फर्माने लिहून ठेवले, म्हणून पुढच्या पिढीला ते तपासण्याची वाट मोकळी राहिली. पिंगलाची रीत, बिरुनीचे नियम, फर्माचे अनुमान आणि ऑयलरची दुरुस्ती यांना एका संख्येच्या आधारे एकत्र शिकवता येते. गणिताच्या तासाला सांगितले जाणारे प्रत्येक विधान यांपैकी कोणत्या जातीचे, सिद्ध झालेले की नुसते जुळलेले, हे विद्यार्थ्याला विचारता येऊ लागले, म्हणजे चौसष्ट घरांच्या या बेरजेवर खर्च केलेले दोन तास सार्थकी लागले असे समजावे.